तासिका तत्त्वावर चिकानो इतिहास

तापीकाठची (धागाकर्ती)

परदेशातील नोकऱ्यांविषयी इथे जे धागे निघतात त्यांत संगणक, औषधनिर्माण आणि व्हिसा यांखेरीज फारसे काही नसते, म्हणून माझ्या नोकरीविषयी लिहावे की नाही, याचा बराच काळ विचार करत होते. मी कॅलिफोर्नियाच्या सान होआकिन खोऱ्यात दोन कम्युनिटी कॉलेजांत अर्धवेळ शिकवते. विषय चिकानो व लॅटिनो स्टडीज, म्हणजे अमेरिकेतील मेक्सिकन आणि इतर लॅटिन अमेरिकन मुळांच्या समाजांचा अभ्यास, आणि त्याच्या जोडीला एथ्निक स्टडीजचा, म्हणजे अशा निरनिराळ्या समाजांच्या अभ्यासाचा, प्राथमिक अभ्यासक्रम. सातवे वर्ष चालू आहे. मागे एका सदस्याने "मेक्सिकन मुलांना त्यांचाच इतिहास तुम्ही कसा काय शिकवता?" असे विचारले होते, आणि त्याचे उत्तर एका प्रतिसादात मावणारे नव्हते.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय, ते आधी सांगते. पदवीची पहिली दोन वर्षे इथे कमी खर्चात करून पुढे विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाता येते. शिवाय वेल्डिंग, परिचर्या, बालसंगोपन असे पोटापाण्याचे अभ्यासक्रमही इथेच चालतात. कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजे आहेत. राज्याच्या रहिवाशाला एका युनिटला (श्रेयांकाला) ४६ डॉलर पडतात, म्हणजे माझा तीन युनिटांचा विषय १३८ डॉलरांत होतो. प्रवेशाला गुणांची चाळणी नाही. त्यामुळे अठरा वर्षांच्या मुलीशेजारी पॅकिंग शेडमध्ये रात्रपाळी करून आलेला चाळिशीचा गृहस्थ बसलेला असतो, आणि एका सत्रात तर आई आणि मुलगा एकाच वर्गात होते. आईला मुलापेक्षा वरची श्रेणी मिळाली, हे ती अजूनही भेटली की सांगते.

मी मूळची जळगाव जिल्ह्यातली. पुण्यात समाजशास्त्रात एम.ए. केले, लग्न होऊन इथे आले आणि नवऱ्याच्या व्हिसावर आश्रित म्हणून काही वर्षे घरीच काढली. मुलीच्या शाळेच्या फाटकाशी उभ्या असणाऱ्या बायकांकडून त्या काळात स्पॅनिश शिकले. त्यांतल्या बहुतेक जणी द्राक्षमळ्यांत किंवा संत्र्यांच्या बागांत काम करणाऱ्या होत्या, आणि त्यांच्या तोंडी जे शब्द येत, तोडणीचा हंगाम, मुकादम, मजुरीतून झालेली कपात, ते मला ओळखीचे होते. फक्त भाषा निराळी होती. पुढे इथल्या राज्य विद्यापीठातून एथ्निक स्टडीजची पदव्युत्तर पदवी घेतली आणि ग्रीन कार्ड आल्यावर पहिला वर्ग मिळाला.

वर्ग मिळण्यामागे माझ्या गुणवत्तेपेक्षा एका कायद्याचा हात मोठा आहे. ऑगस्ट २०२० मध्ये राज्यपालांची सही झालेल्या कायद्याने कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या प्रत्येक पदवीसाठी एथ्निक स्टडीजचा तीन युनिटांचा एक अभ्यासक्रम सक्तीचा केला. कम्युनिटी कॉलेजातून तिकडे जाणारी मुले ती अट इथेच पुरी करून जातात, आणि पुढे आमच्या दोन वर्षांच्या पदवीलाही तशीच अट लागली. अभ्यासक्रम चार समूहांपुरता आहे: अमेरिकेचे मूळ रहिवासी, आफ्रिकन अमेरिकन, आशियाई अमेरिकन आणि लॅटिनो. इतिहास विभागाने आपल्या एखाद्या जुन्या विषयाला नवे नाव दिले, एवढ्याने तो चालत नाही. तो एथ्निक स्टडीजच्या सांकेतिक नावाखाली नोंदलेला असावा लागतो आणि ठरवून दिलेल्या पाच क्षमतांपैकी किमान तीन त्याने पुऱ्या कराव्या लागतात. परिणामी वर्गांची मागणी एकदम वाढली. पूर्णवेळ जागा त्या मानाने निघाल्या नाहीत, आणि उरलेला भार आमच्यासारख्यांवर आला.

आता या विषयाचा जन्म पाहा. नोव्हेंबर १९६८ मध्ये सान फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात विद्यार्थ्यांचा संप सुरू झाला आणि तो मार्च १९६९ पर्यंत चालला. आपल्या समाजांचा इतिहास अभ्यासक्रमात आला पाहिजे, या मागणीतून तिथे एथ्निक स्टडीजचे स्वतंत्र महाविद्यालय उभे राहिले. त्या संपाला तत्काळ निमित्त घडले ते जॉर्ज मरी या अध्यापकाच्या निलंबनाचे. ते ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या पक्षाचे शिक्षणविषयक काम पाहत, स्वतः पदव्युत्तर वर्गात शिकत आणि तिथे इंग्रजी शिकवत. शिकवत होते अर्धवेळ. हे मी दर सत्रात वर्गात सांगते आणि दर सत्रात माझा आवाज थोडा बदलतो.

वर्गात प्रत्यक्ष काय होते, याचे एक उदाहरण देते. ऑक्टोबर १९३३ मध्ये याच खोऱ्यात कापूस वेचणाऱ्या सुमारे १८,००० मजुरांनी संप केला. त्यांत मेक्सिकन बहुसंख्य होते. मळेवाले शंभर पौंडांना ६० सेंट देत होते, मजूर एक डॉलर मागत होते, आणि पिक्सली गावात सभेनंतर झालेल्या गोळीबारात दोघे मारले गेले. शेवटी ७५ सेंटांवर तडजोड झाली. हा पाठ मी आधी पुस्तकातून शिकवत असे आणि मुले माना डोलावत असत. तिसऱ्या वर्षी मी फळ्यावर हिशेब मांडला: शंभर पौंड म्हणजे साधारण ४५ किलो, बोंडातून सुटलेला कापूस मुठीत किती मावतो, दिवसाला किती मुठी. मग सांगितले की माझी आजी कमरेला ओटी बांधून कापूस वेचायची आणि संध्याकाळी काट्यावर जे भरेल त्याचे पैसे व्हायचे; काटा मालकाचा असे. इथले मजूर ओटीऐवजी कितीतरी हात लांबीची कॅनव्हासची पिशवी सरीतून मागे ओढत नेत. मागच्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, "काट्याबद्दल माझा पणजोबाही हेच म्हणायचा." त्या दिवशी तास संपल्यावरही कोणी उठले नाही.

त्याच मुलाने पुढच्या आठवड्यात टॉवेलमध्ये गुंडाळून एक वस्तू आणली: आखूड दांड्याची कुदळ, जिला इथे 'एल कोर्तितो' म्हणतात. दांडा हातभराहून थोडाच मोठा, मुठीजवळ घासून गुळगुळीत झालेला, पात्याची एक कड झिजून अर्धी राहिलेली. आपल्याकडे खुरपणी बसून होते. या कुदळीने लेट्यूसची आणि शर्कराकंदाची विरळणी करताना माणसाला दिवसभर कमरेत वाकूनच चालावे लागे. लांब दांड्याची कुदळ मिळत नव्हती, असे मुळीच नाही. पण आखूड दांड्यामुळे कोण ताठ उभा राहिला आहे, म्हणजे कोण थांबला आहे, ते मुकादमाला लांबूनच दिसत असे. मजुरांच्या पाठी कायमच्या जात होत्या आणि कज्जा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा कुठे १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात तिच्यावर बंदी आली. ती कुदळ वर्गात हातोहात फिरली. प्रत्येकाने ती धरून वाकून पाहिले, आणि पन्नाशीच्या एका विद्यार्थिनीने मात्र हात लावला नाही.

आता पैशांविषयी, कारण खरा प्रश्न तोच आहे. पूर्णवेळ अध्यापकाचा भार सत्राला १५ युनिटांचा धरतात. कायद्याने अर्धवेळ अध्यापकाला एका कॉलेज-जिल्ह्यात (म्हणजे एका प्रशासनाखालच्या कॉलेजांत) त्याच्या ६७ टक्क्यांपर्यंतच काम देता येते. त्यापलीकडे तो नियमित नोकरीचा हक्क सांगू शकेल, म्हणून ही रेषा आहे. तीन युनिटांचे तीन वर्ग म्हणजे ६० टक्के झाले, चौथा घेतला तर ८० होतात. म्हणून चौथा वर्ग हवा असेल तर गाडी काढायची आणि दुसऱ्या जिल्ह्यात जायचे. आमच्यासारख्यांना इथे 'फ्रीवे फ्लायर' म्हणतात. माझे कार्यालय म्हणजे टोयोटाची डिकी: एका पेटीत एका कॉलेजचे पेपर, दुसरीत दुसऱ्याचे, आणि मध्ये पाण्याचे कॅन. मोबदला वर्गातील तासांवर ठरतो. तीन युनिटांचे सत्राचे ५४ तास होतात. चाळीस निबंध तपासणे, शिफारसपत्रे, रात्री अकरा वाजता आलेला "आई कामावरून परत आली नाही" हा ईमेल, यांचा त्यात वेगळा हिशेब नाही.

दोन वर्षांपूर्वी असे झाले की उन्हाळाभर बसून मी नवा अभ्यासक्रम तयार केला, आणि सत्र सुरू व्हायला चार दिवस असताना एका पूर्णवेळ सहकाऱ्याचा वर्ग भरला नाही म्हणून माझा भरलेला वर्ग त्याला देण्यात आला. नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. डीनबाईंनी फोन करून मनापासून दिलगिरी व्यक्त केली. माझे टिपण मात्र त्या सहकाऱ्याने मागितले आणि मी ते दिले, हे अजून मला सलते. कॉलेजचे नाव मुद्दाम देत नाही. असे सगळीकडेच होते.

ज्यांनी इथे किंवा महाराष्ट्रात असे काम केले आहे, त्यांनी अवश्य लिहावे. विषयाबद्दल शंका असतील त्याही विचाराव्यात.

---

सिलिकॉनकर

लेख प्रामाणिक आहे, म्हणून प्रतिसादही प्रामाणिक देतो. माझ्या मुलाला मागच्या वर्षी हा सक्तीचा विषय घ्यावा लागला. तो अभियांत्रिकी करणार आहे. ज्या वेळात त्याने गणिताचा एक जादा विषय केला असता, त्या वेळात तो निरनिराळ्या समाजांवर झालेल्या अन्यायांची यादी पाठ करत होता. इतिहास शिकवावा, याला माझी हरकत नाही, परंतु तो इतिहासाच्या तासाला शिकवावा. समाजागणिक वेगळा विभाग काढल्याने मुलांच्या मनात भेदच पक्के होतात, असे माझे मत आहे. आणि दुसरा प्रश्न स्पष्टच विचारतो, राग मानू नये: उद्या एखाद्या मेक्सिकन बाईंनी इथे वारकरी संप्रदायावर अभ्यासक्रम घेतला, तर आपल्यापैकी किती जण तो खुल्या मनाने स्वीकारतील?

---

तापीकाठची

सिलिकॉनकर, राग अजिबात नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण तो मला पहिल्याच वर्षी पहिल्याच दिवशी वर्गात विचारला गेला होता. एका मुलीने हात वर करून "तुम्ही लॅटिना आहात का?" असे विचारले. मी नाही म्हटले, कुठली आहे ते सांगितले, आणि जिथे माझे अडेल तिथे तुम्ही सांगा, असेही सांगितले. ती सत्रभर माझे स्पॅनिश उच्चार सुधारत राहिली. ज्या गोष्टी तिच्या घरात बोलल्या जातात त्या मला कधीच कळणार नाहीत. त्या कागदावर आणायला, जुन्या खटल्यांशी आणि जनगणनेशी ताडून पाहायला मी तिला मदत करू शकते. वारकऱ्यांविषयी म्हणाल, तर परदेशी अभ्यासकांनी वारीवर केलेले काम आपण वाचतोच. जे चांगले आहे ते मानतो, जे उथळ आहे त्याला हसतो. माझ्याबाबतीतही तेवढेच व्हावे.

यादी पाठ करण्याविषयीची आपली तक्रार मात्र मला पटते. हा विषय वाईट शिकवला तर तसाच होतो. पण समाजागणिक वेगळे कप्पे होतात, हे अभ्यासक्रमाच्या आशयाला धरून नाही. १९४५ मध्ये ऑरेंज काउंटीतील मेंडेझ कुटुंबाने आपल्या मुलांना 'मेक्सिकन शाळेत' बसवण्याविरुद्ध खटला भरला आणि तो १९४६ मध्ये जिंकला. अपिलातही १९४७ मध्ये तोच निर्णय कायम राहिला. वडील गोन्सालो मेक्सिकोचे, आई फेलिसितास पोर्तो रिकोची. ते जी शेती करत होते ती मुनेमित्सु या जपानी अमेरिकन कुटुंबाची. युद्धकाळात त्या कुटुंबाला छावणीत डांबल्यामुळे ती मेंडेझांनी खंडाने घेतली होती. या एका खटल्यात तीन समाजांची माणसे आहेत आणि प्रत्येकाचा कायद्याशी संबंध वेगळा आहे. डेलानोचा द्राक्षसंप सप्टेंबर १९६५ मध्ये लॅरी इटलियाँग यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो मजुरांनी सुरू केला. सेसार चावेझ आणि डोलोरेस उएर्ता यांची मुख्यतः मेक्सिकन शेतमजुरांची संघटना आठवड्याभराने त्यात उतरली. माझ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी चावेझांची तसबीर असते, आणि इटलियाँग हे नाव त्यांनी माझ्या वर्गात पहिल्यांदा ऐकलेले असते. आपल्या मुलाने जे केले त्यात हे नव्हते, तर त्याचा सत्राचा वेळ खरोखरच वाया गेला.

---

गोदातीर

ताई, शीर्षकातला 'तासिका तत्त्व' हा शब्द वाचून धागा उघडला. मी मराठवाड्यातील एका अनुदानित महाविद्यालयात तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवतो. सेट झालो, पीएच.डी. झाली, आणि नियुक्तिपत्र दरवर्षी नव्याने घ्यावे लागते. सुट्ट्यांचा मोबदला नाही. परीक्षेच्या काळात पर्यवेक्षणाला मात्र हक्काने बोलावतात. देयके निघायला कधी सत्र उलटते, आणि मधल्या काळात किराणा दुकानदाराला प्राध्यापक या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागतो. आमच्यातले काही जण सकाळी महाविद्यालयात तास घेऊन दुपारी शेतावर जातात. आपण डिकीचे जे वर्णन केले आहे, त्या जागी माझ्या मोटारसायकलची डिकी समजावी.

एक गोष्ट विचारायची आहे. तुमच्याकडे सत्र संपून पुढचे सुरू होईपर्यंतच्या काळात काय करता? आणि संघटना आहे का? आमच्याकडे संघटना आहेत, मोर्चे निघतात, निवेदने दिली जातात, मंत्री बदलतात.

---

तापीकाठची

गोदातीर सर, तुमच्या प्रतिसादानंतर माझी तक्रार थोडी लहान वाटू लागली, तरी ती मागे घेत नाही.

इथे एक गोष्ट बरी आहे. १९८९ मध्ये राज्यातील अपिलीय न्यायालयाने असा निर्णय दिला की ज्या अध्यापकाचा पुढच्या सत्राचा वर्ग विद्यार्थिसंख्येवर किंवा निधीवर अवलंबून आहे, त्याला पुढच्या कामाची 'वाजवी खात्री' आहे असे म्हणता येणार नाही. म्हणून दोन सत्रांच्या मधल्या काळात तो बेकारभत्ता मागू शकतो. पहिल्या वर्षी हे मला कोणी सांगितले नाही. तिसऱ्या वर्षी, वाहनतळावर डिकी उघडून उभ्या असलेल्या एका वयस्कर सहकाऱ्याने सांगितले, अर्ज कसा भरायचा तेही त्याच डिकीच्या झाकणावर कागद ठेवून दाखवले. मला आठवते, तो म्हणाला की अर्जात लाजून लिहायचे नाही.

संघटना आहे आणि तिच्यात पूर्णवेळ व अर्धवेळ दोघेही आहेत, हीच तिची ताकद आणि हीच अडचण. बैठक दुपारी तीनला असते, आणि त्या वेळी मी महामार्ग ९९ वर असते.

---

शब्दवेल्हाळ

मूळ विषयाला धरूनच एक शंका विचारतो. 'एथ्निक स्टडीज'ला मराठीत काय म्हणावे? वृत्तपत्रांत 'वांशिक अभ्यास' असे दिसते, परंतु वंश म्हणजे रक्ताचे नाते, आणि धागाकर्तीने जे वर्णन केले आहे ते रक्तापेक्षा कायदा, मजुरी आणि शाळा यांच्याशी संबंधित आहे. 'जनसमूह अभ्यास' कसे वाटते? आणि चिकानो, लॅटिनो, हिस्पॅनिक यांत फरक काय, तोही थोडक्यात सांगावा.

---

तापीकाठची

'जनसमूह अभ्यास' बरा आहे, पण कोण मागतो आहे? आपल्याकडे असा विभाग निघाला तर नावावर वर्षभर वाद होईल, तेव्हा आताच ठरवून ठेवलेले बरे.

हिस्पॅनिक म्हणजे स्पॅनिश भाषेशी नाते असलेले. सरकारी कागदांतून रुळलेला हा शब्द १९८० च्या जनगणनेत देशभरातल्या सर्व कुटुंबांच्या प्रश्नावलीत आला. लॅटिनो म्हणजे लॅटिन अमेरिकेतून आलेले, त्यात ब्राझीलची पोर्तुगीज बोलणारी माणसेही येतात. चिकानो हा शब्द एकेकाळी मेक्सिकन मजुरांना हिणवण्यासाठी वापरला जाई, आणि साठच्या दशकात तरुणांनी तोच अभिमानाने स्वतःला लावला. मराठी वाचकाला यावर वेगळे भाष्य नको. 'दलित' या शब्दाचा प्रवास आपण पाहिलेला आहे. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली तेव्हा नाव कुठून घेतले, हे मी वर्गात सांगते. त्याच्या आधी जोतीराव फुल्यांची १८७३ ची अर्पणपत्रिका दाखवते: 'गुलामगिरी' त्यांनी अमेरिकेतील सदाचारी लोकांना, गुलामांना दास्यातून मुक्त केल्याबद्दल अर्पण केली होती. पुण्यातला एक माणूस इतक्या लांबून त्यांच्या देशाकडे पाहत होता, याचे मुलांना फार अप्रूप वाटते. एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याने मात्र विचारले की फुल्यांना पुढचे कळले होते का, म्हणजे गुलामगिरी गेल्यानंतर इथे काय झाले ते. मी तो प्रश्न वहीत लिहून ठेवला आहे.

---

वऱ्हाडी वाचक

लॅटिन अमेरिका आणि मराठी माणूस असा विषय निघाला आणि पांडुरंग खानखोज्यांचे नाव कोणी घेतले नाही, याचे आश्चर्य वाटले. ते मूळचे आमच्या वर्ध्याचे. क्रांतिकार्यासाठी देशाबाहेर पडले, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, गदर पक्षाच्या उभारणीत होते, आणि १९२४ मध्ये मेक्सिकोत गेले. तिथे चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले, मक्याच्या वाणांवर संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिवेरा यांनी मेक्सिको सिटीतील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवरील चित्रात त्यांना जागा दिली आहे. स्वातंत्र्यानंतर ते परत आले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले. २०२२ मध्ये चापिंगोत त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. धागाकर्तीला कोणी पुन्हा "तुम्ही लॅटिना आहात का?" असे विचारले, तर खानखोज्यांचे चित्र दाखवावे.

---

तापीकाठची

वऱ्हाडी वाचक, मनापासून आभार. खानखोजे मला गदरमुळे माहीत होते, पण त्यांना मी आशियाई अमेरिकनांच्या आठवड्यात दोन ओळींत उरकत होते, आणि ते चूक होते. त्यांची जागा शेतीच्या आठवड्यात आहे.

त्याच आठवड्यात मी दक्षिणेकडील इम्पीरियल खोऱ्यातील पंजाबी-मेक्सिकन कुटुंबे शिकवते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून तिथल्या पंजाबी शेतकऱ्यांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्ने केली, कारण १९१७ च्या स्थलांतराविषयीच्या कायद्यानंतर भारतातून बायका आणता येत नव्हत्या आणि गोऱ्या स्त्रीशी लग्न राज्याच्या कायद्यात बसत नव्हते. लग्नाच्या परवान्यावर कारकुनाला दोघांचा रंग सारखा दिसला की तो परवाना देत असे. हे सांगताना वर्गात हमखास हसू फुटते.

---

सॅक्रमेंटोची सून

माझ्याकडे मुंबई विद्यापीठाची समाजशास्त्राची एम.ए. आहे आणि आश्रित व्हिसावर काम करण्याची परवानगी नुकतीच मिळाली आहे. असे काम मला मिळू शकेल का? वय एकोणचाळीस. शिकवण्याचा अनुभव फक्त घरगुती शिकवण्यांचा.

---

तापीकाठची

मिळू शकेल, पण बहुधा या विषयात नाही. एथ्निक स्टडीजसाठी त्याच किंवा त्यातील एखाद्या समूहाच्या अभ्यासाची पदव्युत्तर पदवी मागतात. समाजशास्त्र शिकवायला मात्र समाजशास्त्राची एम.ए. पुरते, आणि मुंबईच्या पदवीचे इथल्या मान्यताप्राप्त संस्थेकडून मूल्यमापन करून घ्यावे लागते. ते आधी करा, त्याला वेळ लागतो. बहुतेक जिल्हे अर्धवेळ अध्यापकांचे अर्ज वर्षभर घेत असतात. त्या यादीत नाव घालून गप्प बसू नका, विभागप्रमुखांना ईमेल करून एखाद्या तासाला मागे बसून पाहण्याची परवानगी मागा. वर्ग अनेकदा सत्र सुरू होण्याच्या आठवड्यात रिकामा होतो आणि ज्याचा चेहरा आठवतो त्याला फोन जातो. ऑनलाइन वर्ग मिळाला तर पहिले दोन आठवडे हजेरीपट नीट तपासा. विद्यार्थी-अनुदान लाटण्यासाठी खोट्या नावांनी प्रवेश घेणाऱ्यांचा इथे सुळसुळाट आहे, आणि ती नावे काढण्याचे काम अध्यापकाकडेच येते. एकोणचाळीस हे वय इथे कोणी विचारत नाही. घरातल्या एकाचा आरोग्यविमा पक्का असल्याशिवाय मात्र यात उतरू नका, हे मोठ्या बहिणीच्या नात्याने सांगते.

---

सिलिकॉनकर

मत पूर्ण बदललेले नाही, तरी मेंडेझ खटल्याविषयी मुलाला विचारले. त्याला तो शिकवला होता. जपानी कुटुंबाचा भाग मात्र नव्हता. त्याचे अध्यापकही अर्धवेळच होते, असे तो म्हणाला, आणि सत्राच्या मध्येच बदलले. एक प्रश्न राहिला: ज्या विद्यार्थिनीने कुदळीला हात लावला नाही, तिचे पुढे काय झाले?

---

तापीकाठची

ती पुढच्या तासाला आली, मागे बसली, आणि सत्राच्या शेवटी द्यायच्या मौखिक इतिहासाच्या प्रकल्पासाठी तिने कोणाची मुलाखत घेणार ते लिहून देताना स्वतःचेच नाव लिहिले. तसे चालते का, असे विचारले. मी चालते म्हटले. तिने सोळा पाने लिहिली, स्पॅनिशमध्ये, आणि तिच्या मुलीने इंग्रजी करून दिले. ती पाने मी तिच्या परवानगीशिवाय छापणार नाही, म्हणून इथे त्यातले काही सांगत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या कर्न काउंटीत सीमा गस्तीदलाने शेतमजुरांची धरपकड केली. त्यानंतर सत्र सुरू झाले तेव्हा माझ्या सकाळच्या वर्गात पहिले दोन आठवडे एक तृतीयांश खुर्च्या रिकाम्या होत्या. तीही येत नव्हती. नंतर कळले की ती नातवंडांना शाळेत सोडायला जात होती, कारण घरात कागदपत्रे पक्की असलेली तीच एक होती.

शरद सत्राचे वेळापत्रक काल आले. दोन वर्ग इकडे, दोन तिकडे, आणि तिकडचा पहिला सकाळी आठचा. खानखोज्यांना सातव्या आठवड्यात, कापसाच्या संपानंतर लगेच घातले आहे. आठच्या वर्गात आजपर्यंत एकवीस नावे आहेत.